फावल्या वेळेचा हिशेब

दिवसभर कचेरीत जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला घरी आल्यावरही हिशेब केल्यावाचून चैन पडत नाही. असाच एक हिशेब आम्ही गेल्या थंडीत केला आणि त्यात आम्हालाच खजील व्हावे लागले. तो आज मैत्रिणींपुढे मांडायचा आहे. हिशेब विणकामाचा आहे, म्हणून आधी विणकामाविषयी सांगणे भाग आहे.

आम्हाला हा नाद लागला तो सातवीत असताना. कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी दोन सुया आणि लोकरीचा एक गुंडा आणायला सांगितला. घरची परिस्थिती बेताची. आईने नवी लोकर आणली नाही. मोठ्या भावाचा आखूड झालेला स्वेटर तिने उसवला, पाटाभोवती गुंडाळून त्याची लडी केली, ती कोमट पाण्यात बुडवली आणि खाली वजन बांधून दोरीवर टांगली. उसवलेली लोकर शेवयांसारखी नागमोडी होते. ओली करून ताणून वाळवली की पुष्कळशी सरळ येते. त्या लोकरीचा आमचा मफलर झाला. पुढे तो मफलरही उसवला आणि धाकट्या बहिणीचे टोपडे झाले. एकाच लोकरीत तीन भावंडांनी थंडी काढली.

दोन टाक्यांची विद्या

दोन सुयांच्या विणकामात शिकायचे टाके मुळात दोनच, सुलट आणि उलट. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट घातली की साधी वीण होते. दोन सुलट, दोन उलट असे घालत गेले की ताणणारी पट्टी होते. ती कंबरेला, मनगटाला आणि गळ्याला लावतात. पाने, वेण्या, जाळी हे सारे याच दोन टाक्यांची अदलाबदल करून येते. क्रोशाला तर आकडा असलेली एकच सुई लागते. साखळी, मुका खांब आणि खांब हे तीन प्रकार हाताला बसले की रुमाल, तोरण, शाल सगळे करता येते.

शिकणाऱ्या मुलींना आम्ही एक गोष्ट आग्रहाने सांगतो. नमुना विणल्याशिवाय मोठ्या कामाला हात घालू नका. लग्नानंतर आम्ही आमच्या घरधन्यांसाठी पहिला स्वेटर घातला. पुस्तकात १० सेंटीमीटरला २२ टाके लिहिले होते. पाठीला १०६ आणि पुढच्या भागाला १०६ असे २१२ टाके घातले, म्हणजे घेर ९६ सेंटीमीटर यायला हवा होता. पण आमचा हात सैल. आमच्या विणीत १० सेंटीमीटरला २० टाकेच बसत होते. घेर आला १०६ सेंटीमीटर! त्यात ते आणि आमचा मुलगा असे दोघेही मावले असते. चार बोटे रुंद तुकडा आधी विणून मोजला असता तर एक नंबर बारीक सुई घेऊन काम भागले असते. आपल्याकडे सुयांचे जुने इंग्रजी नंबर चालतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते; ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, तर १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. आणखी एक सांगायचे म्हणजे लोकर घेताना सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे घ्यावेत. दुकानात सारखा दिसणारा रंग उन्हात वेगळा दिसतो आणि बाही अंगाशी जुळत नाही. आता बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिकची असते, तिच्यावर कडक इस्त्री फिरवू नये. वीण कायमची चपटी होते.

आमचे बहुतेक काम लोकलमध्ये होते. अंबरनाथहून कचेरीला जाऊन येऊन रोज तीन तास जातात. महिलांच्या डब्यात कोणी भाजी निवडते, कोणी डुलकी काढते, आम्ही विणतो. पण चौथ्या सीटवर अर्धे अंग बाहेर काढून बसलेल्या बाईला लांब सुया चालत नाहीत, त्या शेजारणीच्या बरगडीत टोचतात. शिवाय गाडीला हिसका बसून सुई निसटली तर शंभर टाके एकदम सुटतात. क्रोशात सुईवर एकाच वेळी एकच टाका असतो. सुटला तरी तेवढाच सुटतो. म्हणून गाडीत क्रोशा आणि घरी दोन सुया, अशी आम्ही वाटणी केली आहे. २०२० साली लोकल बंद झाली तेव्हा लोकरीची दुकानेही बंद होती. तेव्हा आईची विद्या कामी आली. घरातले जुने स्वेटर उसवून आम्ही पुन्हा विणले.

पलंगाखालची पिशवी

विणणाऱ्या प्रत्येक बाईकडे पुरी न झालेल्या कामांची एक पिशवी असते. आमची पलंगाखाली आहे. तिच्यात एक पायमोजा आहे, त्याला जोडीदार नाही. भाचीसाठी घातलेला फ्रॉक आहे. ती यंदा दहावीला बसली. रंगीत चौकोनांच्या गोधडीचे ३१ चौकोन आहेत, हवे होते ८०. आणि वडिलांच्या बंडीची अर्धी पाठ आहे. २०१६ च्या डिसेंबरात तिचे टाके घातले, फेब्रुवारीत ते गेले. सुई अजून तिच्यातच आहे. ती पाठ आम्ही पुरी करत नाही आणि उसवतही नाही. दिवाळीच्या साफसफाईत पिशवी बाहेर निघते, पुन्हा आत जाते.

लोक विचारतात, मुंबईच्या उकाड्यात स्वेटर कशाला? आणि रस्त्यावर चारशे रुपयांत तयार मिळत असताना पाचशेची लोकर आणून महिनाभर डोळे का फोडायचे? प्रश्न रास्त आहे. बी.कॉम.ला आम्ही कॉस्टिंग शिकलो; माल, मजुरी आणि वरखर्च मिळून वस्तूची किंमत होते. त्या हिशेबात आमचा एकही स्वेटर परवडणारा नाही. पण दिवसभर आम्ही जे करतो त्यातले संध्याकाळी काहीच शिल्लक राहत नाही. स्वयंपाक संपतो, भांडी पुन्हा खरकटी होतात, कचेरीतली फाईल दुसऱ्या टेबलावर जाते. विणलेल्या चार ओळी मात्र दुसऱ्या दिवशी तिथेच असतात. म्हणून आम्ही विणतो. हौसेला मजुरी लावायची नसते, असे आम्ही समजत होतो.

शंभराची नोट

पुतणीला दिवस गेले होते. बाळंतविड्यासाठी टोपडे आणि मोजे आम्ही केले, पण शाल राहिली. मार्च महिना, कचेरीत वर्षअखेरीची धावपळ. आमच्या मागच्या गल्लीत एक वहिनी राहतात. त्या एका व्यापाऱ्यासाठी घरी बसून क्रोशाची तोरणे आणि रुमाल करतात. आम्ही लोकर त्यांच्याकडे नेऊन दिली आणि म्हणालो, "वहिनी, तुमचा हात बसलेला आहे, तुम्हाला काय, चुटकीसरशी होईल." भाव ठरवला नाही. ओळखीत भाव काय ठरवायचा?

नवव्या दिवशी त्यांनी शाल आणून दिली. काठ इतका एकसारखा की आमच्या हातून तसा होणे नाही. आम्ही शंभराची नोट आणि एक ब्लाउजपीस दिला. "असू द्या ताई," म्हणत त्यांनी ते घेतले. आपण मोठी कदर केली असेच तेव्हा आम्हाला वाटले.

गेल्या थंडीत शेजारच्या मुलीसाठी आम्ही स्वतः तशीच शाल घेतली. सवयीप्रमाणे वहीत तास लिहीत गेलो. शाल पुरी झाली तेव्हा बेरीज आली २६ तास. सहज म्हणून शंभराला सव्वीसने भागले. तासाला चार रुपयेही पडेनात! पाच तास मान मोडून विणावे तेव्हा एका वडापावचे पैसे होतात. वहिनींचा हात आमच्यापेक्षा चपळ, त्यांना वीस तास लागले असतील असे धरले तरी पाच रुपये. धुण्याभांड्याच्या कामाला वस्तीतल्या बायकांना जे मिळते त्याच्या जवळपासही हे जात नाही. आम्ही मंडळाच्या बैठकीत कंत्राटी सफाई कामगारांच्या मजुरीवर बोलतो, अर्ज लिहून देतो. आणि घराच्या मागच्या गल्लीत आम्हीच हा भाव लावून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी वहिनींकडे गेलो आणि व्यापारी काय देतो ते विचारले. दाराच्या तोरणाला ६० रुपये, दोरा त्याचा. एका तोरणाला घरचे सगळे सांभाळून दीड दिवस जातो. वाढवून मागितले की तो म्हणतो, "टीव्ही बघत बघत तर करता. वेळ फावलाच आहे ना?" ते ऐकून आम्ही गप्प झालो. आमचे "चुटकीसरशी" आणि त्याचे "फावला वेळ" यांत काय फरक होता?

ही तक्रार एका गल्लीची नाही. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर हे गाव आहे. तिथल्या बायकांना मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस शिकवली. ती लेस पुढे परदेशात जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९८२ साली निघाले. त्यांनी दाखवले ते असे की रोजचे कित्येक तास लेस करणाऱ्या या बायकांना कोणी कामगार मानतच नव्हते. त्या घरात बसणाऱ्या गृहिणी, लेस हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग, असे व्यापारी म्हणत, घरचे म्हणत आणि बायका स्वतःही म्हणत. त्यामुळे मजुरी नाममात्र राहिली आणि निर्यातदारांच्या इमारती उठल्या. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हाही गरीब घरांना क्रोशाची लेस शिकवली गेली. त्या दिवसांत क्रोशावर कित्येकांची चूल पेटली. तेव्हा हा केवळ रिकामपणाचा चाळा नव्हे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. दोन सुयांची वीण यंत्रावर करण्याची युक्ती विल्यम ली नावाच्या इंग्रजाने १५८९ सालीच काढली. आजचे तयार स्वेटर त्याच वाटेने आलेल्या यंत्रांवर निघतात. पण खऱ्या क्रोशाचे काम यंत्रावर होत नाही. यंत्रावर त्याच्यासारखी दिसणारी जाळी निघते, ती वेगळी. म्हणजे दुकानात टांगलेला खरा क्रोशाचा टॉप, पर्स किंवा तोरण कोणा ना कोणा माणसाने हाताने केलेले असते. ते फार स्वस्त असेल, तर कोणाचे तरी तास त्यात फुकट गेलेले असतात.

कामाआधी भाव

अहमदाबादला इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही संघटना काढली. घरी बसून काम करणाऱ्या बाईला कामगार म्हणा, ही मागणी तिने सतत लावून धरली. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरखेप कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. घरी काम करणाऱ्याला इतर मजुरांच्या बरोबरीने वागवावे, असे त्याचे सूत्र आहे. पण गल्लीपर्यंत असे करार आपोआप येत नाहीत.

आम्ही वहिनींना राहिलेले पैसे द्यायला गेलो. त्यांनी अर्धेच घेतले. म्हणाल्या, "झालं ते झालं ताई. पुढच्या वेळी आधी भाव ठरवू." मग आम्ही दोघींनी बसून मुलाच्या जुन्या वहीत रकाने आखले. काम सुरू केल्याची वेळ, उठल्याची वेळ, दोरा किती लागला. आठवड्याने बेरीज केली तर एका तोरणाला नऊ तास भरले. गल्लीतल्या आणखी तिघींनी तशाच वह्या केल्या. चौघी मिळून व्यापाऱ्याकडे गेल्या. त्याने तोरणामागे १५ रुपये वाढवले, पण चौघींपैकी एकीला पुढच्या महिन्यात काम दिले नाही. तिला हवे तेवढे काम मिळवून देणे अजून आम्हाला जमलेले नाही. तीन शाली आणि एक बाळंतविडा एवढेच ओळखीतून मिळाले.

मैत्रिणींनो, हौस जरूर करा. आपल्या माणसासाठी विणताना तास मोजू नका. आम्हीही मोजणार नाही. पण दुसरीच्या हातून काम करून घेताना "तुम्हाला काय, बसल्या बसल्या होईल" असे म्हणू नका. किती तास लागतील ते विचारा, आपण स्वतः तासाला किती घेतले असते ते मनाशी ठरवा आणि तो आकडा काम देण्याआधी बोला. आणि तुम्ही स्वतः विणून देत असाल तर एक वही घाला. आमच्या वहिनींची वही आता दुसऱ्यांदा भरत आली आहे.