चिंच पाडायची कुठे?

बीड जिल्ह्यात घनदाट जंगल फारसं नाही. इथले मोठे वृक्ष म्हणजे बांधावरची चिंच, आमराईतला आंबा, विहिरीवरचा लिंब, ओढ्याकाठची बाभूळ. एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला गोठा आणि मधे दोघांच्या कवेत न मावणारी चिंच. ती पाडायची कुठे, हाच हाताने तोडणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न.

म्हणून सुरुवात बुंध्यापासून नव्हे, वरून होई. दगड बांधलेली दोरी खालच्या फांदीवरून भिरकवायची, तिच्या मागोमाग जाड दोर ओढून घ्यायचा आणि तो धरून अनवाणी चढायचं. शिंदीच्या सरळसोट झाडावर दोराचा फास चालतो. चिंचेच्या गाठाळ बुंध्यावर तो सरकत नाही. कुऱ्हाड मागाहून दोरीने वर जाई. फांदी तोडताना आधी खालून चार घाव, मग वरून. नाहीतर ती अर्धवट मोडते, साल सोलत खोडाकडे झोकांडते आणि बसलेल्या माणसालाच घेऊन जाते.

मग बुंधा. पाडायच्या दिशेला कुऱ्हाडीने तोंड वासल्यासारखी खाच घ्यायची. विरुद्ध बाजूने, खाचेपेक्षा थोडं वर, दोघांनी ओढायची लांब करवत लावायची. झाड टेकून करवत आवळू नये म्हणून मागून पाचरी ठोकायच्या. मधली लाकडाची पट्टी मात्र राखायची. तीच बिजागरी; तिच्यावर झाड वळतं. ती एका बाजूला जास्त कापली गेली, तर सगळा हिशोब चुकतो. शेंड्याला बांधलेला दोर झाडाच्या उंचीहून लांब हवा, म्हणजे ओढणारे त्याच्या कक्षेबाहेर राहतात. लाकूड करकरलं की करवतवाले तिरके मागे पळत. सरळ मागे नाही, कारण पडताना बुंधा उसळून मागे येतो.

अमेरिकेतले लाकूडतोडे महावृक्षांच्या बुंध्यात खाचा पाडून फळ्या अडकवत आणि त्यांवर उभं राहून करवत चालवत. कॅलिफोर्नियातला 'मार्क ट्वेन' नावाचा सिकोया १८९१ मध्ये पाडायला तेरा दिवस लागले. तेराशेहून अधिक वर्षं वाढलेलं झाड! त्याचे काप आजही न्यूयॉर्क आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत.

आपल्याकडे पाडलेल्या बाभळीचे ओंडके गाडीच्या चाकांसाठी पाण्यात भिजत पडत, म्हणजे कीड लागत नसे. पुढे ते चिरायला आरकशी येत: एक ओंडक्यावर, एक खाली, आणि सगळा भुसा खालच्याच्या डोळ्यांत.

आता यंत्राची करवत हे काम झटक्यात उरकते. चिंच आणि आंबा तोडायला १९६४ च्या राज्य कायद्याने परवानगी लागते. बीडजवळच्या पालवणच्या डोंगरावर फेब्रुवारी २०२० मध्ये भरलेल्या वृक्षसंमेलनाचं अध्यक्षपद तर वडाच्या झाडाला दिलं होतं. चढण्याची कला मात्र गावोगावी टिकून आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला चिंचा पिकल्या की माणूस तसाच अनवाणी वर जातो, हातात लांब काठी घेऊन फांद्या झोडतो, आणि खाली पसरलेल्या कापडावर बायका चिंचा वेचत बसतात.