लॅपटॉप फॉरमॅट करण्यापूर्वी ड्रायव्हर तपासा

काम सुरू असताना अचानक निळा पडदा झळकतो, लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू होतो. अशा वेळी ‘फॉरमॅट करा’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि त्यात जतन केलेली छायाचित्रे व कागदपत्रे गमावण्याची भीती असते. प्रत्यक्षात दोष अनेकदा ड्रायव्हरचा असतो.

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स, वाय-फाय, ध्वनी आदी भागांमधील दुभाषी. बरेच ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात चालतात. त्यामुळे एक चुकला तरी सारा कारभार थांबतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या ड्रायव्हरला सदोष फाइल मिळाली आणि जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले.

प्रथम पडद्यावरील संकेत व फाइलचे नाव टिपून घ्यावे. नंतर ‘सेफ मोड’मध्ये लॅपटॉप सुरू करावा, बिटलॉकर चालू असल्यास ४८ अंकी कळ हाताशी हवी. येथे मोजकेच ड्रायव्हर चालतात. लॅपटॉप स्थिर राहिल्यास ड्रायव्हरवरील संशय बळावतो. महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ‘डिव्हाइस मॅनेजर’मधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने जुनी आवृत्ती परत आणावी. तो पर्याय बंद असल्यास ड्रायव्हर काढून, लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलसाठीचा ड्रायव्हर बसवावा. दोन अँटिव्हायरस असल्यास एक काढावा.

सेफ मोडमध्येही बिघाड कायम राहिल्यास रॅम वा डिस्कची तपासणी करावी. फॉरमॅट हा शेवटचा उपाय होय.