निराधारचा पगार आणि बीपीची गोळी

"बाई, यातली कोणती नाही घेतली तर चालतंय?"

चिठ्ठी पुढे करताना म्हातारी माणसं हाच प्रश्न आधी विचारतात. लातूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी औषधनिर्माण अधिकारी होते. निवृत्त झाल्यापासून नांदेडला एका मेडिकलवर सकाळी बसते. या प्रश्नाची मला अजूनही सवय झालेली नाही.

श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात. लोक त्याला निराधारचा पगार म्हणतात. त्यात किराणा, गिरणी, गावाहून येण्याजाण्याचं भाडं. बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल अशा तिन्ही गोळ्या नामांकित कंपन्यांच्या घेतल्या तर यातला मोठा भाग त्यातच जातो. मग माणूस गोळी दिवसाआड घेतो, नाहीतर अर्धी तोडतो. मेटफॉर्मिनची 'एसआर' गोळी तोडून किंवा कुटून घेतली, तर सावकाश विरघळायचं औषध एकदम अंगात उतरतं. आणि बीपीची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून बंद केली, तर बीपी गुपचूप वाढत राहतं. ते कळतं कधी, तर अर्धांगवायू झाल्यावर.

याला निष्काळजीपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. हा पैशाचा हिशेब आहे आणि तो बदलता येतो. बीपीसाठी सर्रास लिहिली जाणारी टेल्मिसार्टन ४० घ्या. नामांकित कंपनीच्या १० गोळ्यांना साधारण ६०-७० रुपये पडतात, जनऔषधी केंद्रात १२-१५. औषध तेच. ही केंद्रं २००८ पासून आहेत. अडचण अशी, की चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असलं तर दुकानदाराला आपल्या मनानं दुसरं औषध देता येत नाही. म्हणून तपासून घेतानाच डॉक्टरांना म्हणावं, "साहेब, मूळ नावानं लिहून द्या." हे म्हणताना भिडस्तपणा नको. डॉक्टरांनी शक्यतो मूळ नाव लिहावं, हे त्यांच्या व्यवसायाच्या नियमांतच आहे.

मूळ नाव माहीत नसलं की पैशापेक्षा मोठं नुकसान होतं. मुखेडकडचे एक आजोबा चक्कर येते म्हणून आले. त्यांनी कॅरीबॅग काउंटरवर रिकामी केली. काही गोळ्या नांदेडच्या डॉक्टरांच्या, काही लेकीकडे उदगीरला गेले तेव्हाच्या. मी पाकिटं उलटी करून मूळ नावाखाली पेनानं रेघा ओढल्या. दोन वेगळ्या रंगांच्या पाकिटांवर एकच नाव निघालं, ग्लिमेपिराइड. शुगर उतरवणारी तीच गोळी ते दुप्पट घेत होते, त्यात एकादशीचा कडक उपास. घाम, हातपाय कापणं, भोवळ ही सगळी शुगर एकदम उतरल्याची लक्षणं. साखरपाणी दिलं, डॉक्टरांना फोन लावला आणि एक पाकीट बाजूला काढलं. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेताना चिठ्ठी राहिली तरी चालेल, सगळ्या गोळ्यांची पिशवी मात्र न्याच.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर, आणि घरी आल्यावर १५ दिवसांच्या औषधांपुरते. रोजची गोळी त्यात बसत नाही. म्हणजे अर्धांगवायूचा खर्च सरकार उचलणार; तो टाळणारी गोळी मात्र म्हाताऱ्यानं पगारातून घ्यायची. ती फुकट मिळायची जागा म्हणजे सरकारी दवाखाना. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. तरी साठा संपला की "बाहेरून आणा" ठरलेलंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ जण दगावले, तेव्हा औषधटंचाईची चर्चा राज्यभर झाली. पण साठ्याअभावी गावात परतलेल्या म्हातारीची बातमी होत नाही.

माझी मागणी साधी आहे. निराधारचा पगार खात्यात पडतो त्याच आठवड्यात उपकेंद्रातून महिन्याभराच्या बीपी-शुगरच्या गोळ्या एकदम हातात द्याव्यात, पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरांत 'सकाळी' आणि 'रात्री' लिहून. ज्यांना चालवत नाही, त्यांच्या गोळ्या आशाताईंनी घरी पोचवाव्यात आणि त्या फेरीचे वेगळे पैसे त्यांना मिळावेत.