मुसळधार पावसात डीटीएच जातो, जीपीएस मात्र चालतं. मग बोटीवरचा अँटेना पावसाळ्यात दगा का देतो?

पावसाचे थेंब नेव्हिगेशनचा सिग्नल अडवत नाहीत, अँटेनावर आणि केबलमध्ये साचलेलं पाणी अडवतं. मच्छीमारांपासून जमीन मोजणाऱ्या भूकरमापकांपर्यंत सगळ्यांशी संबंध असलेला हा फरक समजून घेऊ.

जुलैमधली संध्याकाळ. बाहेर धो धो पाऊस सुरू होतो आणि मालिका ऐन रंगात असताना टीव्हीवर ‘नो सिग्नल’ येतं. घरातलं कुणीतरी गॅलरीत जाऊन छत्रीकडे बघून येतं. त्याच वेळी तुमच्या हातातल्या फोनवर जेवण घेऊन येणारा डिलिव्हरीवाला मात्र कोपऱ्यावरून वळताना स्पष्ट दिसत असतो. दोन्ही सिग्नल आकाशातूनच येतात आणि पाऊसही दोघांवर सारखाच पडतो. मग एक बंद आणि एक चालू, असं का?

उत्तर लहरीच्या लांबीत आहे. डीटीएचचा सिग्नल साधारण ११-१२ गिगाहर्ट्झचा असतो, म्हणजे त्याची एक लहर जेमतेम अडीच सेंटीमीटरची. पावसाचा टपोरा थेंब काही मिलिमीटरचा. या मापांत फार अंतर नसल्याने थेंब ती लहर शोषतात आणि विखुरतात. जीपीएसचा मुख्य सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि त्याची लहर १९ सेंटीमीटरची असते. आपल्या नाविक प्रणालीचा एल-५ सिग्नल ११७६.४५ मेगाहर्ट्झवर आहे, त्याची लहर जवळपास २५ सेंटीमीटरची. एवढ्या लांब लहरीला थेंब जाणवतही नाही. अतिमुसळधार पावसाच्या काही किलोमीटर जाड थरातून आल्यावरही होणारी घट एका डेसिबलच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. तेवढी घट कुठल्याही रिसीव्हरला कळत नाही.

म्हणजे ढगांनी जीपीएस अडतं हा समज चुकीचा. तरीही कोकणातल्या बंदरावर विचारा, पावसाळी हवेत जीपीएस ‘नाचतं’ असं तुम्हाला ऐकायला मिळेल. ते खोटं नाही. फक्त दोषी आभाळात नसून अँटेनाच्या दीड वितीत असतो.

एवढा नाजूक का असतो हा सिग्नल?

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून निघालेला सिग्नल आपल्यापर्यंत येतो तेव्हा त्यात काय उरलेलं असतं? एका वॉटचे एक कोटी भाग करा आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करा. साधारण तेवढंच. हा सिग्नल रेडिओच्या पार्श्वभूमीवरच्या गोंगाटाच्याही खाली दबलेला असतो. रिसीव्हर आधीपासून माहीत असलेला कोड जुळवत जुळवत तो शोधून काढतो. त्यामुळे अँटेनाजवळ अर्धा सिग्नल जरी गेला, तरी ज्या उपग्रहांची पकड आधीच कमकुवत आहे, ते एकेक करून सुटू लागतात.

आता अँटेनाच्या टोपीवर पाण्याचा थर बसला की काय होतं ते बघा. बहुतेक छोट्या नेव्हिगेशन अँटेनांच्या आत सिरॅमिकची एक चौकोनी वडी असते. ती एका ठराविक फ्रिक्वेन्सीला ‘लावलेली’ असते, तबल्याच्या चाटीसारखी. रेडिओ लहरींच्या दृष्टीने पाणी हा हवेपेक्षा फारच वेगळा पदार्थ आहे. त्याचा परावैद्युत स्थिरांक हवेच्या जवळपास ८० पट आहे. काही मिलिमीटर पाणी टोपीवर साचलं की वडीचा सूर हलतो आणि सिग्नलचा काही भाग पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो. यात समुद्राचं पाणी आणखी वाईट. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त सिग्नल गिळतं.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही जीपीएस मॉड्यूलला पावसापासून वाचवायचं म्हणून वडीवर थेट एपॉक्सी लिंपलं होतं. पाणी आत गेलं नाही हे खरं, पण उपग्रहही आले नाहीत. आमच्या गाइड सरांनी तो गोळा हातात घेऊन बराच वेळ काहीच म्हटलं नाही, ते जास्त लागलं. टोपी आणि वडीच्या मध्ये हवेची थोडी पोकळी लागते, हे त्या दिवशी समजलं.

मग चांगलं झाकण कसं असतं?

वर घुमट किंवा शंकूसारखं, म्हणजे पाणी थांबणारच नाही असं. सपाट झाकणावर पाणी साचतं, शिवाय कावळे आणि कबुतरं निवांत बसतात. पक्ष्यांच्या विष्ठेचा ओला थर पाण्याइतकाच त्रासदायक, आणि तो वाऱ्याने वाळून लगेच जातही नाही. झाकण प्लास्टिक किंवा फायबरचं असावं. त्यात धातू नको, हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही चूक होते ती रंगाची. बंदीकाळात नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, झापं-ताडपत्रीने झाकल्या जातात आणि नारळी पौर्णिमेच्या आधी रंगरंगोटी होते. केबिन रंगवता रंगवता ब्रश अँटेनावरूनही फिरतो. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमची पूड असते. तिचा थर म्हणजे सिग्नलसाठी चक्क पत्रा. समुद्री अँटेनांच्या माहितीपुस्तिकांत ‘रंगवू नका’ ही सूचना असते ती यासाठीच.

अँटेनावर निळी ताडपत्री किंवा प्लास्टिकची पिशवी बांधणं हाही लोकप्रिय उपाय आहे. कोरडं प्लास्टिक सिग्नल अडवत नाही, पण पिशवीच्या घडीत पाणी साचतं आणि ते अगदी अँटेनाच्या डोक्यावर येऊन बसतं. पाण्यापासून वाचवायला बांधलेली पिशवीच पाणी धरून ठेवते.

खरा शत्रू: कनेक्टर

टोपीवरचं पाणी ऊन पडलं की जातं. केबलमध्ये शिरलेलं पाणी जात नाही, आणि माझ्या मते पावसाळ्यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच शोधायला हवं.

वरच्या अँटेनात एक छोटा ॲम्प्लिफायर असतो. त्याला लागणारी ३ ते ५ व्होल्ट वीज त्याच केबलमधून वर जाते, ज्यातून सिग्नल खाली येतो. म्हणजे कनेक्टरमध्ये तांबं आहे, वीज आहे आणि आता खारं पाणीही आलं. शाळेतला इलेक्ट्रोलिसिसचा प्रयोग आठवतोय? तोच इथे रात्रंदिवस चालू राहतो. तांब्यावर हिरवा गंज चढतो. बाहेरच्या जाळीतून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं केबलमध्ये मीटर-मीटर आत सरकतं. एकदा जाळी काळी पडली की ती केबल बदलण्यावाचून इलाज नाही.

यावरचे उपाय स्वस्त आहेत. केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथून गळून पडतं. कनेक्टरवर साधी इन्सुलेशन टेप पुरत नाही. ताणून गुंडाळल्यावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप मिळते, ती खालून वर गुंडाळायची, म्हणजे कौलांसारखे थर एकमेकांवर येतात. तिच्यावर उन्हापासून संरक्षणासाठी साधी टेप. आणि सिलिकॉन लावणार असाल तर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि तेच तांबं खातं. न्यूट्रल क्युअर प्रकारचं मागायचं.

खोक्यावर लिहिलेल्या आयपी-६७ वर किती विश्वास ठेवायचा? ही खूण सांगते की वस्तू एक मीटर पाण्यात ३० मिनिटं राहिली तरी आत पाणी शिरत नाही. पण ती चाचणी नव्या वस्तूची आणि गोड्या पाण्यातली. छतावरचा अँटेना दिवसा तापतो, सरीने एकदम गार होतो आणि आतली हवा आकसल्यावर बाहेरची दमट हवा बारीक फटीतून ओढून घेतो. रोज थोडा थोडा. दोन-तीन पावसाळ्यांनी उन्हाने कडक झालेल्या रबरी रिंगकडून फार अपेक्षा नको.

शेताच्या बांधापर्यंत

समुद्रात पाच-दहा मीटरची चूक चालून जाते, जमिनीच्या मोजणीत चालत नाही. महाराष्ट्रात भारतीय सर्वेक्षण विभागाची ७७ ‘कॉर्स’ स्थानकं आहेत. म्हणजे पक्क्या खांबावर कायमचा बसवलेला, २४ तास उपग्रह ऐकणारा अँटेना. भूकरमापक शेतात काठीवर जो रोव्हर घेऊन येतो, तो या स्थानकांकडून मोबाइल इंटरनेटवर दुरुस्ती घेतो आणि काही सेंटीमीटरपर्यंत अचूक जागा सांगतो. बांध कोरल्यावरून पिढ्यान् पिढ्या भाऊबंदकी चालते तिथे हे सेंटीमीटर महत्त्वाचे.

या स्थानकांवर झाकण बसवण्याचा नियम मजेशीर आहे: मनाला येईल तेव्हा बसवू किंवा काढू नका. प्लास्टिकच्या घुमटातून येताना सिग्नल किंचित वाकतो आणि अँटेनाचा विद्युत-मध्य काही मिलिमीटरने, कधी त्याहूनही जास्त सरकल्यासारखा दिसतो. म्हणून जगभरातल्या संदर्भ स्थानकांत अँटेना आणि झाकण यांची जोडी एकत्र मोजून नोंदवतात. झाकण बदललं की स्थानकाची उंची कागदावर बदलते, जमीन जागच्या जागी असली तरी.

पाऊस स्वतः अडवत नसला तरी हवेतली वाफ सिग्नलला उशीर करते. पावसाळ्यात किनारपट्टीवर हा उशीर अंतराच्या भाषेत ३०-४० सेंटीमीटरपर्यंत जातो. कॉर्सच्या दुरुस्तीने तो बहुतांश निघून जातो, कारण जवळच्या स्थानकावरही साधारण तीच वाफ असते. हवामान विभाग तर हाच उशीर उलटा वापरून हवेत किती बाष्प आहे ते मोजतो. एकाचा दोष, दुसऱ्याची माहिती.

मोजणीच्या वेळी तुम्ही शेतात हजर असाल तर रोव्हरच्या पडद्यावर ‘फिक्स’ लिहिलंय का, एवढं विचारायला हरकत नाही. ‘फ्लोट’ दिसत असेल तर चूक सेंटीमीटरऐवजी फुटाच्या घरात जाऊ शकते. ओल्या आंब्याखाली हे हमखास होतं, कारण भिजलेली पानं कोरड्यापेक्षा जास्त सिग्नल खातात. आणि पुष्कळदा उपग्रह ठणठणीत असतात, गेलेलं असतं ते मोबाइलचं नेटवर्क!

वीज आणि सूर्य

उघड्यावरचा अँटेना म्हटल्यावर विजेचा धोका आलाच. केबल इमारतीत शिरते त्या जागी सर्ज अरेस्टर बसवून तो नीट अर्थिंगला जोडायचा. घेताना तो डीसी वीज जाऊ देणारा आहे ना हे बघायचं, नाहीतर वरच्या ॲम्प्लिफायरची वीजच तुटते. अँटेना इमारतीतला सर्वांत उंच बिंदू नसावा. वीजवाहकाच्या संरक्षणाच्या टप्प्यात, पण त्याला चिकटून नाही, अशी जागा निवडतात.

एका हवामानापुढे मात्र कुठलंच झाकण चालत नाही, ते म्हणजे अंतराळातलं. १० आणि ११ मे २०२४ ला आलेलं सौर वादळ २००३ नंतरचं सर्वांत तीव्र श्रेणीतलं होतं. अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर त्यामुळे खोळंबले. भारत तर विषुववृत्ताजवळच्या अस्थिर आयनोस्फियरच्या पट्ट्याखाली येतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या काळात सूर्यास्तानंतर काही तास इथे सिग्नल लुकलुकण्याचं प्रमाण वाढतं. दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारा रिसीव्हर उशिराचा हिशेब लावू शकतो, पण या लुकलुकण्यावर त्याचाही पूर्ण इलाज नाही. ‘ऑल वेदर सिग्नल’ म्हणून महागडी टोपी विकणाऱ्याला हे जरूर विचारा.

दोष कुठे आहे, घरच्या घरी कसं ओळखाल?

बोटीवरच्या किंवा गाडीच्या रिसीव्हरमध्ये उपग्रहांचं पान असतं, त्यावर उभ्या पट्ट्या किंवा डेसिबलचे आकडे दिसतात. अँड्रॉइड फोनसाठी ‘जीपीएसटेस्ट’सारखी मोफत ॲप्स हेच दाखवतात. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या उपग्रहांचा आकडा ४० च्या आसपास असतो, ३० च्या खाली गेला की पकड ढिली. तीन डेसिबलची घट म्हणजे सिग्नल निम्मा.

कोरड्या दिवशीचे आकडे लिहून ठेवा. मग अँटेनावर तांब्याभर पाणी ओता. आकडे पडले आणि पुसल्यावर परत आले, तर झाकणाचा आकार, रंग किंवा त्यावरचा मिठाचा थर बघा. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी आकडे वर येत नसतील, तर कनेक्टर उघडून हिरवं दिसतंय का ते तपासा. सगळे उपग्रह एकाच वेळी गेले आणि आभाळ कोरडं असेल, तर अँटेनापर्यंत ती ३ ते ५ व्होल्ट वीज पोहोचते का ते मल्टिमीटरने बघायचं.

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉंडर बसवण्याच्या देशव्यापी योजनेची सुरुवात झाली. किनारी राज्यांतल्या एक लाख नौकांवर इस्रोने विकसित केलेली ही यंत्रं बसवायची आहेत. वादळाचा इशारा नौकेपर्यंत आणि संकटाचा निरोप किनाऱ्यापर्यंत त्यातूनच जाणार. त्याचाही अँटेना उघड्यावर, केबिनच्या माथ्यावर, लाटांच्या तुषारांतच असतो. हंगामासाठी नौका पाण्यात ढकलण्याआधी इंजिनाचं तेल बघितलं जातं, जाळी तपासली जातात. त्याच वेळी गोड्या पाण्याने अँटेनाची टोपी धुऊन कनेक्टरवरची टेप बघायला दहा मिनिटं लागतात.