कुंडीतला वाफसा

ज्या काळ्या मातीवर विदर्भ-मराठवाड्यात कापूस, तूर आणि ज्वारी पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली, तीच माती कुंडीत भरली की वर्षाच्या आत हट्टाला पेटते. पावसात चिखल, उन्हात ढेकूळ. सुकताना ती आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट तळाच्या भोकाबाहेर जातं. बशीत पाणी आलेलं दिसतं, म्हणून झाडाला भरपूर मिळालं असं वाटतं. प्रत्यक्षात मधला मातीचा गड्डा कोरडाच असतो. झाड माना टाकतं, मग आपण खत घालतो. ते खत कोरड्या गड्ड्यावर तसंच पडून राहतं.

दोष काळ्या मातीचा नाही. शेतात तिच्याखाली आणखी काही फूट माती असते, त्याखाली मुरूम असतो. पाऊस पडून गेला की दोन-चार दिवसांत पाणी खाली ओढलं जातं आणि वाफसा येतो. वाफसा म्हणजे मातीच्या कणांना ओल धरलेली आणि कणांमधल्या पोकळ्यांत हवा खेळती. शेतकरी पेरणी, कोळपणी सगळं वाफशावर ठरवतो. गच्चीवर, गॅलरीत, खिडकीच्या जाळीत भाजी लावणारे आपण मात्र आधी खताचं विचारतो. माझं ठाम मत असं की कुंडीच्या मातीचा पहिला प्रश्न हवेचा, दुसरा पाण्याचा आणि खताचा तिसरा.

कारण कुंडीत पाणी वेगळं वागतं. स्वयंपाकघरातला स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरा, निथळू द्या. थेंब थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळेल. स्पंज तोच, छिद्रं तीच, फक्त उंची वाढली. कुंडीतही तळाशी ओलिचट मातीचा एक थर कायम राहतो. त्याची जाडी मातीच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून चार इंचांच्या ट्रेमध्ये निम्मी माती गुदमरलेली असू शकते, तर फूटभर खोल कुंडीत तीच माती बरी वागते. तळाला खडी किंवा विटांचे तुकडे अंथरायची आपली जुनी पद्धत या कामी येत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, वरची माती पूर्ण भरेपर्यंत अडून राहतं. म्हणजे तो चिंब थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांना जागा आणखी कमी उरते. भोकावर खापरीचा एक तुकडा ठेवावा, माती वाहून जाऊ नये इतक्यापुरता. निचरा सुधारायचा तर पूर्ण मिश्रणच भरड करावं लागतं.

कुंडीची माती शेताहून वेगळी बनवावी लागते, हे माळी फार पूर्वीपासून जाणून होते, पण प्रत्येकाचं मिश्रण वेगळं आणि बहुधा गुप्त असे. १९३० च्या दशकात लंडनजवळच्या जॉन इनेस बागायती संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन नेवेल यांनी यावर पद्धतशीर प्रयोग केले. बहुतेक सगळ्या झाडांना एकच मिश्रण चालतं, हे त्यांनी दाखवून दिलं. आकारमानाने सात भाग वाफेने निर्जंतुक केलेला पोयटा, तीन भाग पीट आणि दोन भाग भरड वाळू. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने तर मातीच काढून टाकली आणि पीट व व्हर्मिक्युलाइट यांवर रोपं वाढवली. मिश्रण हलकं झालं, रोगजंतू कमी झाले, पण सगळं पोषण बाहेरून देणं आलं.

त्याला उलट वळण देण्यात काही अनपेक्षित मंडळींचा मोठा हात आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया आणि ओरेगनमध्ये, घरात गांजाची झाडं वाढवणाऱ्यांनी कॉर्नेलच्या हलक्या मिश्रणात पुन्हा जीव भरला. एक तृतीयांश पीट, एक तृतीयांश कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि एक तृतीयांश परलाइट अथवा लाव्हाचा भरड चुरा, वर निंबोळी पेंड, समुद्री शेवाळ, शिंपल्यांची पूड. एक पीक निघालं की माती फेकायची नाही, उकरायचीही नाही. बुंधा कापायचा, मुळं आतच कुजू द्यायची, वर नवं खत पसरायचं. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं लावता येतात, तिथेही हीच रीत रुजली. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार घरी गांजा लावणं हा गुन्हा आहे, तेव्हा त्या झाडाचा विचार इथेच संपतो. मातीचं शास्त्र मात्र झाड बघून बदलत नाही. टोमॅटोला, वांग्याला, मिरचीला तेच मिश्रण मानवतं.

आणि आपल्याला त्यासाठी कॅलिफोर्नियाकडे पाहायचीही गरज नाही. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना स्वतःच्या बागेचे संशोधक बनवलं आणि ‘विपुलाच सृष्टी’मधून हा विचार मराठीत मांडला. त्यांची अमृतमाती मला आजही सगळ्यांत विचारपूर्वक बांधलेली कृती वाटते. दहा लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ घालून तीन दिवस ढवळत ठेवायचं. मग ते दहापट पाण्यात मिसळून त्यात सुका पालापाचोळा भिजवायचा. भिजलेल्या पाल्याचे थर, मधेमधे पातळसा मातीचा थर, असा ढीग रचायचा आणि आठवड्याला उलथायचा. पाला कुजत आला की त्यावर कडधान्यं, तृणधान्यं, तेलबिया, मसाल्याची बियाणी अशी सरमिसळ पेरायची आणि रोपं २१, ४२ आणि ६३ दिवसांची झाली की टप्प्याटप्प्याने कापून त्याच ढिगात मिसळायची. कोवळ्या पाल्यातून नत्र, जून काडीतून टिकाऊ सेंद्रिय अंश. मुळांनी ढीग विणला जातो तो वेगळाच. चार-पाच महिने लागतात. घाई असलेल्यांसाठी ही कृती नाही, हे खरं.

मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाची चिपाडं मुख्य धरून, माती अगदी थोडी वापरून ड्रम आणि पिशव्यांत भाज्या-फळं घेतली. रसवंतीवाल्यांना चिपाडांची विल्हेवाट लावायचीच असते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली. या दोन्ही प्रयोगांत वजनाचा विचार महत्त्वाचा आहे. ओली माती घनमीटरला दीड टनाहून जास्त भरते. म्हणजे एक मीटर लांब-रुंद आणि फूटभर खोल वाफा नुसत्या मातीने भरला तर गच्चीवर जवळजवळ ५०० किलो चढतात. पाला, चिपाडं, कोकोपीट यांनी तो भार बराच उतरतो. जुन्या इमारतीत तरी वाफे करण्याआधी अभियंत्याला विचारावंच.

आता प्रत्यक्ष निवड. मुंबई, पुण्याच्या रोपवाटिकांत ‘लाल माती’ म्हणून जे पोतं मिळतं, ते बहुधा जांभ्या खडकापासून झालेल्या मातीचं असतं. ती भुसभुशीत राहते, कुंडीतून सुटत नाही, पण सामू आम्ल बाजूला झुकलेला, पोषण धरून ठेवायची ताकद कमी आणि त्यातलं लोह स्फुरदाला बांधून टाकतं. काळी माती बरोबर उलटी. सामू आठच्या आसपास, अनेकदा चुनखडी मिसळलेली, पोषण घट्ट धरणारी. चिमूटभर मातीवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर चुनखडी आहे, एवढं घरच्या घरी कळतं. लाल मातीत थोडी काळी मिसळली तर दोघींच्या उणिवा बऱ्याच भरून निघतात, पण काळी पाव हिश्श्याच्या वर नेऊ नये. काळ्या मातीत घमेलंभर वाळू टाकून ती सुटी करायचा उपाय करू नका. वाळूचे मोजके कण चिकणमातीत रुतून बसतात आणि सगळं आणखी घट्ट होतं. तिथे भरड सेंद्रिय पदार्थच कामाला येतो.

मातीचं प्रमाण एकूण मिश्रणात एक तृतीयांशाहून जास्त नको, अशी माझी आग्रहाची सूचना. हवा आणि वजन यांखेरीज दुसरं कारणही आहे. शहरात येणारी माती कुणाच्या तरी शेताची वरची सुपीक साय असते.

बारा घमेल्यांचा हिशेब धरू. चार घमेली माती, चार घमेली मुरलेलं कंपोस्ट आणि गांडूळखत मिळून, दोन घमेली धुतलेलं कोकोपीट, दोन घमेली भरड काहीतरी: भाताच्या तुसाचा काळा कोळसा, नारळाच्या शेंड्यांचे बारीक तुकडे किंवा विटांचा वाटाण्याएवढा चुरा. वर फूटभर व्यासाच्या प्रत्येक कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. तिच्यात चारेक टक्के नत्र असतं, ते सावकाश सुटतं आणि सूत्रकृमींनाही आळा बसतो. पेंड मिसळल्यावर मिश्रण ओलसर करून दोन-तीन आठवडे सावलीत झाकून ठेवायचं, कारण कुजताना ती तापते आणि कोवळी मुळं भाजतात.

कोकोपीटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वाधिक रोपं त्याच्यापायी जातात. पाच किलोची वीट फुगून सत्तरेक लिटर होते, स्वतःच्या वजनाच्या सात-आठपट पाणी धरते, हे सगळं खरं. पण नारळाच्या सोडणात सोडियम आणि पालाश भरपूर असतं, त्यात सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतील तर मीठ आणखी वाढतं. वीट बादलीत फुगवून पिळायची, ते चहाच्या रंगाचं पाणी ओतून द्यायचं आणि फिकट होईपर्यंत पुन्हा करायचं. शिवाय वरून कोरडं दिसलं तरी आत ते ओलं असतं, म्हणून बोट दोन पेरं आत घालून बघितल्याशिवाय पाणी देऊ नये.

कच्च्या मालाची घाई दुसरीकडेही नडते. लाकडाचा भुसा, ताजी चिपाडं, न कुजलेला पाला यांत कर्ब प्रचंड आणि नत्र नगण्य. ते कुजवणारे जीवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढतात आणि झाडाची खालची पानं पिवळी पडतात. ओला कचरा आणि सुका पाला मिळून कर्ब-नत्राचं प्रमाण पंचवीस-तीसास एक आलं तर ढीग नीट तापतो, आत ५५ ते ६५ अंश सेल्सिअस जातो आणि तणाचं बी मरतं. खत तयार आहे का, याची घरगुती चाचणी सोपी आहे. थोड्या खतात मेथी किंवा हळीव पेरा, शेजारी साध्या मातीत पेरा. खतातली उगवण मागे पडली तर ते अजून कच्चं आहे.

हाडांचा चुरा लाल मातीत स्फुरद देतो, काळ्या चुनखडीच्या मातीत तो जवळजवळ विरघळतच नाही. लाकडाची राखही लाल मातीत चिमूटभर चालेल, काळ्या मातीत टाळावी. अंड्याची टरफलं फार सावकाश विरतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. कांद्याच्या सालीचं पाणी, तांदळाचं धुवण वगैरेंनी नुकसान नाही, पण त्यांना खत म्हणणं मला पटत नाही.

मिश्रण जमलं की नाही ते मोजता येतं आणि ही चाचणी मी प्रत्येकाला करायला सांगते. ज्या उंचीची कुंडी वापरणार, तेवढ्याच उंचीचा डबा घ्या, त्यात मावणारं पाणी मोजून ठेवा. तळाला भोक पाडून चिकटपट्टीने बंद करा. मिश्रण भरा, पाणी वर दिसेपर्यंत सावकाश ओता, थोडा वेळ मुरू द्या. मग पट्टी काढा आणि निथळलेलं पाणी मोजा. जेवढं पाणी गळलं, तेवढी हवा आत शिरली. डब्याच्या मापाच्या दहा ते वीस टक्के आलं तर उत्तम. पाच टक्क्यांच्या खाली असेल तर भरड घटक वाढवा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर कुंड्यांतलं नत्र धुऊन जातं, म्हणून दिवाळीच्या सुमाराला माती नव्याने बांधणं सोयीचं. थंडीतली मेथी, पालक, मुळा, टोमॅटो समोर असतात. जुनी माती टाकू नका. जाड मुळं काढा, बारीक राहू द्या, चौथा हिस्सा ताजं कंपोस्ट आणि मूठभर पेंड मिसळा, खाली बसलेल्या मातीत भरड माल पुन्हा घाला. बोअरच्या जड पाण्याने वर पांढरी पापुद्री धरली असेल तर ती खरवडून काढा आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्याने कुंडी एकदा भरपूर धुऊन निथळू द्या. बोअरच्या पाण्यावर वाढलेल्या झाडाची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसू लागल्या, तर सामू चढून लोह अडकल्याची ती खूण आहे. तिथे आणखी शेणखत घालून भागत नाही, लाल मातीचा हिस्सा वाढवावा लागतो. ज्या कुंडीत सूत्रकृमींच्या गाठी किंवा मर रोग दिसला, तेवढी माती वेगळी काढा, एप्रिल-मेमध्ये ओली करून पातळ थरात पारदर्शक प्लॅस्टिकखाली महिना-दीड महिना कडक उन्हात ठेवा. आणि परत वापरताना तिच्यात गांडूळखत आधी मिसळा, कारण त्या उन्हात उपयोगी जीवाणूही बरेच गेलेले असतात.