काम झाले, आवाज मात्र नवा

ब्रेक पॅड किंवा बेअरिंग बदलून आणलेल्या गाडीचे चाक आवाज करू लागले, तर आधी व्हील नट तपासा. सैल नटांची ठकठक कमी वेगात स्पष्ट ऐकू येते. नुसती शंका आली तरी गाडी बाजूला घ्या. चाक काढून बसवल्यावर साधारण ८० ते १०० किमीनंतर नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासायचे असतात. गॅरेजमध्ये हे सांगायचे बहुतेक वेळा राहूनच जाते.

पत्रा घासल्यासारखी सततची खरखर बहुधा डिस्कमागच्या पातळ संरक्षक पत्र्याची असते. काम करताना तो सहज वाकतो आणि डिस्कला टेकतो. कधी मध्ये खडाच अडकतो. डिस्क थंड झाल्यावर पत्रा हलकेच मागे सारला की काम झाले. एवढ्यासाठी कुणी बेअरिंगचा खर्च सांगितला, तर आधी चाक काढून दाखवायला सांगा.

बेअरिंगची घरघर वेगाबरोबर चढते, न्यूट्रलमध्येही थांबत नाही. डावीकडे वळताना ती वाढली, तर संशय उजव्या चाकावर. वळणात भार तिकडे जातो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट आली, तर सीव्ही जॉइंट पाहा. नवे पॅड सुरुवातीला ब्रेक दाबताना थोडे कुरकुरतातच.