मारलवाईचे मास्तर

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की दोन-चार विद्यार्थी आपापल्या वडिलांस घेऊन आमच्याकडे येतात आणि विचारतात, "गुरुजी, मास्तर व्हायचे तर काय करावे लागते?" हा प्रश्न ऐकून आम्हांस आनंद होतो, परंतु उत्तर देताना जीभ थोडी अडखळते. वाट सांगणे कठीण नाही. इंटरमिजिएटनंतर दोन वर्षांची अध्यापक पदविका, किंवा पदवी घेऊन त्यापुढे दोन वर्षांचे बी.एड.; मग पात्रता परीक्षा आणि शेवटी सरकारी निवड परीक्षा. मुलगा हे सारे वहीत टिपून घेतो. अडखळावयास होते ते यानंतर. शेजारी बसलेले वडील इतका वेळ गप्प असतात. ते हळूच विचारतात, "आणि गुरुजी, तोवर पोराने खायचे काय?"

आमच्या मते खरा प्रश्न हाच आहे. मास्तरकी कोणाच्या मुलांनी करावी, हे पुष्कळदा बुद्धीवर ठरत नाही. मिळकतीवाचून घरचे किती वर्षे कळ काढू शकतात, यावर ठरते. आणि या प्रश्नाशी पूर्वी कोणी झुंज दिली होती काय, हे पाहू लागलो असता आम्हांस फार दूर जावे लागले नाही.

उटनूरच्या बाजूच्या डोंगरांत मारलवाई नावाचे एक लहानसे गोंड खेडे आहे. ते जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले. २०१६ साली जिल्ह्याचे चार भाग झाले, तेव्हापासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गणले जाते. या खेड्यात १९४३ साली गोंड तरुणांस शिक्षक करण्याचे एक केंद्र सुरू झाले. त्याची हकीगत आपल्या मराठी घरांतून फारशी कोणास ठाऊक नाही. वस्तुतः तीत मराठीचा वाटा मोठा आहे.

त्याआधी तीन वर्षे, १९४० साली, जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम आणि त्यांचे काही सोबती पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले होते. जंगले राखीव झाली होती, पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनींचे पट्टे बाहेरून आलेल्यांच्या नावे होत होते, आणि ज्याची जमीन जाई त्यास कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नसे. तो अंगठा उठवी व घरी येई. या असंतोषाचे मूळ काय ते शोधावे, म्हणून निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्रज्ञास आदिलाबादेत पाठविले. गृहस्थ ऑस्ट्रियन, महायुद्ध चालू झालेले, कागदोपत्री ते शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले होते आणि हैदराबाद संस्थानाबाहेर जाण्यास त्यांस मोकळीक नव्हती. युद्धाने अडकवून ठेवलेला मनुष्य आपल्या डोंगरांच्या उपयोगी पडला, असे म्हणावयास हरकत नाही. ते व त्यांच्या पत्नी बेटी मारलवाईस झोपडी बांधून राहिले आणि गोंडी बोलू लागले.

शाळा हव्यात हे त्यांस लवकरच उमगले. परंतु शाळा म्हणजे चार भिंती नव्हेत, मास्तर पाहिजे. आणि तो आणावा कोठून? शहरचा शिकलेला मास्तर गुडेमात पाठवावा, तर त्यास गोंडी येत नाही आणि पावसाळ्यात वाटा बंद झाल्या की तो गावी निघून जातो. मुलाच्या घरी पाण्यास 'येर' म्हणतात आणि घरास 'रोन'. पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यास 'पाणी', 'नीळ्ळु' किंवा 'आब' असे काही दिसले, तर त्यास एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात, अक्षर आणि परकी भाषा. बहुतेक मुले तेथेच थांबतात. तीन पिढ्या थांबत आलेली आहेत.

म्हणून हिशेब उलटा मांडण्यात आला. ज्यास पदवी आहे त्यास गोंडी शिकविण्याऐवजी, ज्यास गोंडी येते, रान ठाऊक आहे आणि गुडेमातच राहावयाचे आहे, अशास मास्तरकी शिकवावी. अडचण एवढीच की लिहितावाचता येणारे गोंड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आणि त्या थोड्यांची अक्षरओळख मुख्यतः मराठीतली होती. पैनगंगा आणि वर्धा या नद्यांच्या अलीकडे-पलीकडे बाजार, सोयरिकी आणि जत्रा एक असल्याने मराठी या डोंगरांत कधीच परकी नव्हती. गोंडांच्या कथा गाणारे परधान तर मराठी घरच्यासारखी बोलतात. गोंडी ही द्राविडी कुळातली, तेलुगूची बहीण. पण तिची पहिली शालेय पुस्तके या कारणाने आपल्या देवनागरीत तयार झाली. पहिली अक्षरे गोंडीत गिरवावयाची, आणि राज्याची भाषा म्हणून उर्दू पुढे शिकावयाची, असा तो क्रम होता.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मारलवाईपासून फार दूर नसलेल्या नारनूर मंडलातील गुंजाळा या गावी गोंडीची स्वतःची लिपी हस्तलिखितांत जपून ठेवलेली होती. बाहेरच्या विद्वानांस तिचा पत्ता या शतकाच्या पहिल्या दशकात लागला आणि २०१८ साली तिला संगणकाच्या युनिकोड या सर्वमान्य संकेतसंचात जागा मिळाली. १९४३ साली शेजारच्याच डोंगरात लिपी शोधली जात होती, आणि ती तेथे कोणाच्या तरी घरात बासनात गुंडाळून ठेवलेली होती!

असो. केंद्राचा खर्च सरकारने उचलला. तरुण मारलवाईस येऊन राहत आणि शिकत. येथील शिक्षण त्यांस त्यांच्या जगातून उचलून दूर नेणारे नव्हते. भोवती तेच रान, तीच शेती, तीच भाषा. तयार झालेल्यांस गुडेमांतील नव्या शाळांवर पगारी शिक्षक नेमले जाई. त्यांच्यापाशी मोठी प्रमाणपत्रे नव्हती, आणि चालू नियमांनी पाहिले असते तर त्यांपैकी एकही मास्तर झाला नसता. पुढे याच केंद्रातून पटवारी वगैरे गावकामगारांच्या जागांसाठीही गोंड तरुण तयार करण्यात आले. ज्या कागदाने जमीन जात होती, तो वाचणारा माणूस आता गुडेमातच बसलेला असे. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

आज अमेरिकेत शिक्षक तयार करण्याची जी एक पद्धत बरीच वाखाणली जाते, तिची आठवण येथे होते. वैद्यकीचे शिक्षण घेणारा तरुण डॉक्टर रुग्णालयात राहून, थोरांच्या देखरेखीखाली, वेतन घेत घेत रोगी तपासावयास शिकतो, हे आपण जाणतो. तीच रीत शाळेस लावावी असे काहींस वाटले. शिकागो येथे २००१ साली आणि बोस्टन येथे २००३ साली अशी योजना निघाली. होतकरू शिक्षक वर्षभर एका अनुभवी शिक्षकाच्या वर्गात राहतो. प्रथम तो पाहतो, मग एखादा तास घेतो, मग आठवडा सांभाळतो; आणि या काळात त्यास निर्वाहवेतन मिळते. मोबदल्यात त्याने पुढे काही वर्षे त्याच शहराच्या शाळांत शिकवावयाचे असते. मारलवाईची योजना आणि ही योजना एकच, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. परंतु मास्तरकी मास्तराजवळ बसून शिकावयाची असते आणि शिकणाऱ्यास पोट असते, या दोन गोष्टी दोन्हीकडे ओळखलेल्या दिसतात.

आमचे स्वतःचे प्रशिक्षण झाले तेव्हा या दोन्ही गोष्टींचा पत्ता नव्हता. ज्या विद्यालयात आम्ही शिकलो त्याचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. सराव-पाठ म्हणून जो प्रकार असे, त्यात उसना आणलेला तक्ता भिंतीवर टांगावयाचा, मागील बाकावर परीक्षक बसावयाचे, आणि आदल्या दिवशी मुलांस उत्तरे सांगून ठेवावयाची, अशी वहिवाट होती. पाठ उत्तम वठे. पुढे नोकरीच्या पहिल्या दिवशी पन्नास मुलांपुढे उभे राहिलो, तेव्हा एकाही मुलास उत्तर आधी सांगितलेले नव्हते. पहिले वर्ष आम्ही त्या वर्गाच्या जिवावर शिकलो. त्या मुलांचे नुकसान झाले, आणि ते कोणी भरून दिले नाही. आता बी.एड.च्या विद्यार्थ्यास दोन वर्षांत वीस आठवडे शाळेत काढावे लागतात. ही सुधारणा खरीच. मात्र तिथे जाण्यायेण्याचा, राहण्याजेवणाचा खर्च बहुधा त्यालाच सोसावा लागतो.

मारलवाईचे पुढे काय झाले? १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, उर्दूचे राज्य गेले. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत राजुरा आणि किनवट मुंबई राज्याकडे गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला, आणि शाळांची भाषा तेलुगू होत गेली. देवनागरीतली गोंडी पुस्तके वापरातून गेली. सेतुमाधवराव पगडी यांनी हैदराबादच्या सरकारी सेवेत असताना गोंडांत काम केले, गोंडी आणि कोलामी या भाषांची व्याकरणे लिहिली; ती पुस्तकेही आज ग्रंथालयांतच शोधावी लागतात. फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९७० नंतर पुन्हा येथे फिरले आणि गोंडी न जाणणाऱ्या, शाळेवर क्वचित दिसणाऱ्या मास्तरांविषयी त्यांनी खेदाने लिहिले. त्यांची सारीच मते आम्ही मान्य करतो असे नाही. थोडक्या शिकलेल्या मास्तराने मुलास पहिल्या दोन-तीन इयत्ता चढविल्या, पण त्यापुढे चढवावयास तो स्वतः तेवढा चढलेला असावा लागतो; ही त्या योजनेची कच्ची बाजू होती. गावच्या मास्तरास गावातून न उपटता अधिक शिकविणे, हा उपाय अर्धाच राहिला. बेटीबाईंचे १९८७ साली आणि त्यांच्या पतीचे १९९५ साली निधन झाले. दोघांच्या समाध्या मारलवाईसच आहेत.

आता पुन्हा त्या वडिलांकडे वळू. शुल्काच्या भरपाईची सरकारी सोय अनुसूचित व मागास वर्गांच्या मुलांस आहे, हे आम्ही त्यांस सांगतो, अर्जही भरून देतो. आदिलाबादेत सरकारी अध्यापक विद्यालय आहे, तेही सांगतो. ते मान डोलावतात. परंतु त्यांचा हिशेब निराळा असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातले दोन हात कमी झाले तर मजुरीचा माणूस लावावा लागतो. शहरात खोली घेतली तर तिचे भाडे. आणि परीक्षा झाल्यावरही नोकरीच्या जाहिरातीची वाट किती वर्षे पाहावी लागेल, हे आमच्याने सांगवत नाही.

गेल्या वर्षी आलेल्या दोघा मुलांपैकी एक पदविकेस गेला. दुसरा जिनिंगमध्ये कामास लागला. गणित दुसऱ्याचे चांगले होते, आणि मधल्या सुट्टीत पाचवीच्या मुलांस अपूर्णांक समजावून देताना आम्ही त्यासच पाहत असू.